वाद्यांनी वाद्यांशी बोलावे म्हणून

आपल्या अनेक धर्मग्रामांत पायपेटीची जागा डिजिटल पियानोने घेतली, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. वादकाला या वाद्याची पुढची बाजू चांगली परिचयाची असते. मागच्या बाजूकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वाद्य जुने असेल तर तेथे लहान नाण्याएवढी दोन-तीन गोल तोंडे दिसतात. प्रत्येकात अर्धवर्तुळात मांडलेली पाच छिद्रे असतात आणि शेजारी ‘मिडी आउट’, ‘मिडी इन’, ‘मिडी थ्रू’ अशी अक्षरे असतात. वाद्य नवीन असेल तर त्याऐवजी संगणकाच्या छपाईयंत्राला असते तसे एक चौकोनी तोंड आढळते. या तोंडांतून कोणताही स्वर ऐकू येत नाही. तरीही गेल्या चाळीस वर्षांत जगाने ऐकलेल्या संगीताचा फार मोठा भाग त्यांच्यातून गेला आहे. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन केलेल्या एका कराराची ही कथा आहे. त्या कराराचे मोल कोणी मोजले, हेही वाचकांनी त्याबरोबरच जाणून घ्यावे.

संगीत दूरवर पोचवण्याचे दोन मार्ग आहेत. ध्वनीच पकडून ठेवावा हा पहिला. ग्रामोफोनने आणि टेपरेकॉर्डरने तो पत्करला. दुसरा मार्ग त्याहून कितीतरी जुना आहे. ध्वनी न पाठवता तो कसा निर्माण करायचा याची सूचना तेवढी पाठवावी, असा तो मार्ग. अकराव्या शतकात इटलीतील आरेत्सो नगरीत ग्वीदो नावाच्या बेनेडिक्टाइन संन्याशाने आडव्या रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत रूढ केली, ती याच हेतूने. तोवर गायनवृंदातील मुलांना प्रत्येक स्तोत्र गुरूच्या तोंडून ऐकून पाठ करावे लागे आणि त्यात वर्षामागून वर्षे जात. रेषांवरील स्वर वाचता येऊ लागल्यावर कधी न ऐकलेले स्तोत्रही त्यांना गाता येऊ लागले.

पुढे १९०४ साली जर्मनीतील वेल्टे कंपनीने असा एक पियानो बाजारात आणला की, छिद्रे पाडलेली कागदाची गुंडाळी त्यावर चढवली म्हणजे त्याच्या पट्ट्या आपोआप खालीवर होऊ लागत. प्रसिद्ध संगीतकार गुस्टाव्ह मालर यांनी १९०५ साली या कंपनीसाठी आपले वादन अशा गुंडाळ्यांवर उतरवून दिले. त्या कागदात ध्वनी नव्हता. मालर यांच्या बोटांनी काय केले याची नोंद होती. मिडी ही याच मार्गावरील पुढची पायरी होय.

ही पायरी गाठण्याआधी वाद्यांच्या जगात बाबेलच्या बुरुजासारखी अवस्था होती. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली विजेवर स्वर निर्माण करणारा आपला सिंथेसायझर सिद्ध केला. त्यात स्वराची उंची विजेच्या दाबाने ठरत असे. दाब एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर चढे. हा हिशेब काही कंपन्यांनी स्वीकारला, तर काहींनी वेगळाच हिशेब ठेवला. त्यामुळे एका कंपनीच्या वाद्याची तार दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला जोडली की बेसूर कल्लोळ माजे. १९७८ साली कॅलिफोर्नियातील सिक्वेन्शिअल सर्किट्स या छोट्या कंपनीने प्रॉफेट-५ हे वाद्य आणले. त्यात एक सूक्ष्म संगणक बसवलेला होता. वाद्यांना आता आकड्यांची भाषा बोलता येऊ लागली; परंतु प्रत्येक कंपनीने आपापली बोली तयार केली आणि गोंधळ होता तसाच राहिला.

त्या काळाची एक साक्ष आपल्या मुंबईतच आहे. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका १९८२ साली निघाली. त्यांनी वापरलेले मुख्य वाद्य, तालयंत्र आणि खर्जयंत्र ही तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची होती. एकाच घरची भावंडे असल्यामुळे ती परस्परांशी ताल जुळवू शकत होती. परक्या घरचे वाद्य मध्ये आणले असते, तर हा मेळ बसणे कठीण होते. ती ध्वनिमुद्रिका त्या वेळी फारशी कोणाच्या कानी पडली नाही. २०१० साली ती नव्याने प्रकाशित झाली, तेव्हा जगभरच्या जाणकारांनी तिची दखल घेतली.

रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांचा जन्म १९३० साली ओसाका येथे झाला. बालपणीच आई-वडील क्षयाने गेले. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी घड्याळदुरुस्तीचे दुकान थाटले. पुढे त्यांनाही क्षयाने गाठले आणि उमेदीची काही वर्षे रुग्णालयाच्या खाटेवर गेली. तेव्हा नव्याने उपलब्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनने त्यांचे प्राण वाचवले. घड्याळांकडून ते रेडिओकडे वळले आणि रेडिओवरून ऑर्गनकडे. १९७२ साली त्यांनी रोलँडची स्थापना केली. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. सामान्य माणसाला संगीत आपल्या हातांनी करता यावे, ही मात्र त्यांची आयुष्यभराची तळमळ होती. जपानी भाषेत ‘काकेहाशी’ हा शब्द पुलासाठीही वापरतात, हा योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे.

पुलाचे दुसरे टोक अमेरिकेत होते. सिक्वेन्शिअलचे संस्थापक डेव्ह स्मिथ १९५० साली सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मले. ते बर्कलीच्या विद्यापीठातून बाहेर पडलेले अभियंते होते. १९८१ च्या जून महिन्यात काकेहाशी यांनी सर्व वाद्यांसाठी एकच भाषा असावी हा विषय टॉम ओबरहाइम या वाद्यनिर्मात्याकडे काढला आणि तेथून तो स्मिथ यांच्यापर्यंत पोचला. त्याच वर्षाच्या अखेरीस ध्वनी-अभियंत्यांच्या परिषदेत स्मिथ यांनी आपले सहकारी चेट वुड यांच्यासह एक निबंध सादर केला आणि सार्वत्रिक जोडणीचा आराखडा मांडला. त्या वेळी काकेहाशी एक्कावन्न वर्षांचे होते आणि स्मिथ एकतीस वर्षांचे.

कल्पना सर्वांना सांगून झाली. प्रतिसाद मात्र थंडा होता. १९८२ च्या जानेवारीत अनेक कंपन्यांचे प्रतिनिधी एकत्र बसले, पण बहुतेक अमेरिकी कंपन्यांनी पुढे रस दाखवला नाही. कोणी म्हणे हे पुरेसे नाही, कोणी म्हणे हे फार खर्चाचे होईल. शेवटी अमेरिकेची एकटी सिक्वेन्शिअल आणि जपानच्या रोलँड, यामाहा, कोर्ग व कावाई या पाचच कंपन्या उरल्या. बाजारात परस्परांचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या या मंडळींनी महासागराच्या दोन्ही तीरांवरून मसुदे पाठवत भाषेचा एकेक शब्द निश्चित केला. नावाचीही गोष्ट गमतीची आहे. काकेहाशी यांनी सुचवलेल्या नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘यू-मी’, म्हणजे ‘तू आणि मी’, असा होत असे. स्मिथ यांना तो जरा भाबडा वाटला. अखेर ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’ हे लांबलचक नाव ठरले आणि त्याचा ‘मिडी’ झाला.

या करारातील सर्वांत मोठी गोष्ट कागदावरच्या आकड्यांत नव्हती. ही भाषा कोणाच्याही मालकीची नसावी, ती वापरणाऱ्याने कोणाला एक पैसाही देऊ नये, असे तिच्या जनकांनी ठरवले. तिच्यावर स्वामित्वशुल्क लावले असते, तर प्रत्येक वाद्यामागे त्यांना काही ना काही मिळत राहिले असते. ते त्यांनी सोडून दिले. म्हणूनच महागड्या वाद्यांपासून मुलांच्या स्वस्त कीबोर्डपर्यंत ती सर्वत्र पोचली.

१९८३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे वाद्यव्यापाऱ्यांचे प्रदर्शन भरले. तेथे सिक्वेन्शिअलचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ ही दोन परक्या घरची वाद्ये एका तारेने जोडण्यात आली. एकावर पट्टी दाबली आणि दुसरेही वाजू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिडीची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली.

त्या तारेतून नेमके काय जाते? आपण पियानोची एक पट्टी दाबली की तीन आकडे बाहेर पडतात. सोळांपैकी कोणत्या वाहिनीवर स्वर सुरू करायचा, हे पहिला सांगतो. दुसरा पट्टीचा क्रमांक असतो. पियानोच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांना २१ ते १०८ हे क्रमांक आहेत आणि मध्यभागी असलेल्या ‘सी’ या पट्टीचा क्रमांक ६० आहे. पट्टी किती वेगाने, म्हणजेच किती जोराने, दाबली गेली हे तिसरा आकडा १ ते १२७ या श्रेणीत सांगतो. बोट उचलले की स्वर थांबवण्याची सूचना जाते. पायाखालचा पॅडल दाबला की त्याचीही जाते. सेकंदाला ३१,२५० द्विमान अंकांच्या वेगाने हे आकडे एकामागून एक धावतात. एका स्वराची सूचना पोचायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. दहा बोटांनी एकदम दाबलेले स्वर प्रत्यक्षात एका रांगेत जातात, पण कानाला ते एकत्रच भासतात.

पाच छिद्रांपैकी तीनच उपयोगात येतात. तारेतून येणारी वीज घेणाऱ्या वाद्याच्या स्वरयंत्रणेत शिरत नाही, ही त्यातील आणखी एक खुबी. ती आत एक इवलासा दिवा पेटवते आणि पलीकडचा प्रकाशसंवेदक त्या दिव्याची उघडझाप वाचतो. त्यामुळे एका वाद्याच्या विजेचा दोष दुसऱ्यात उतरत नाही आणि घरघरही येत नाही. जोडणीचा नियम सोपा आहे. देणाऱ्याच्या ‘आउट’मधून घेणाऱ्याच्या ‘इन’मध्ये तार जाते, ‘आउट’ला ‘आउट’ जोडल्यास दोघेही बोलतात आणि ऐकणारा कोणी उरत नाही. आलेली सूचना जशीच्या तशी तिसऱ्या वाद्याकडे सोडण्यासाठी ‘थ्रू’ असते. पियानो संगणकाला जोडल्यावर प्रत्येक स्वर दुहेरी ऐकू येऊ लागला, तर पियानोची ‘लोकल’ ही कळ बंद करावी. वाद्य बिघडले असे समजू नये.

यानंतरचा प्रसार वेगाने झाला. १९८५ साली अटारी कंपनीने मिडीची तोंडे बसवलेला घरगुती संगणक आणला. १९९१ साली ‘जनरल मिडी’ या नावाने एकशे अठ्ठावीस वाद्यांची एक समान यादी ठरली. तिच्यात पियानो पहिला, चर्चमधील ऑर्गन विसावा, सतार एकशे पाचवी आणि सनई एकशे बारावी आहे. तबल्याला मात्र जागा मिळाली नाही. १९९९ मध्ये यूएसबी तारेवरून आणि २०१५ मध्ये ब्लूटूथच्या बिनतारी मार्गाने मिडी नेण्याचे नियम झाले. ध्वनिमुद्रणाच्या मानाने या नोंदी अगदी हलक्या असतात. सीडीच्या दर्जाचे एक मिनिटाचे मुद्रण सुमारे दहा मेगाबाइट जागा घेते. हजार स्वरांचे संपूर्ण गीत मिडीत दहा किलोबाइटांच्या आसपास मावते. शिवाय ते गीत वेग न बदलता खालच्या पट्टीत आणता येते किंवा पट्टी न बदलता संथ करता येते.

येथवरची कथा वाचून आनंद व्हावा. पण तिची दुसरी बाजू आपल्या समाजाच्या घरातून गेली आहे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ग्वीदोच्या परंपरेतील स्वरलेखन शिकवले जात असे. त्या शिदोरीवर कितीतरी वादक मुंबईला आले आणि चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत स्थिरावले. मूळचे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक त्यांपैकीच एक. संगीतकार प्यारेलाल यांनी त्यांच्याकडे शिक्षण घेतले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे वाद्यसंयोजन केले. संगीतकाराने चाल गुणगुणावी, या मंडळींनी ती कागदावर उतरवावी आणि पन्नास-साठ वादकांनी ती एका वेळी वाजवावी, अशी ती रीत होती. मिडीने जोडलेली वाद्ये आणि संगणक आल्यावर व्हायोलिनच्या ताफ्याचे काम एकटा माणूस एका खोलीत करू लागला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठे वाद्यवृंद ओसरले. ज्यांनी स्वर कागदावर वाचण्याची विद्या उपजीविकेसाठी आणली होती, त्यांच्या मुलांना ती उपजीविका उरली नाही. दोष यंत्राला द्यावा असे नाही. ते चुकते केव्हा होणार आणि स्वस्त किती पडणार, एवढाच विचार करणाऱ्या बाजाराने त्याचा तसा उपयोग केला. तरीही झालेली हानी खरी आहे आणि ती आपल्याच माणसांची आहे.

हाच प्रश्न चर्चमधील गायनवृंदापुढेही उभा राहतो. मिडीची तयार गीते वाद्यात भरून कळ दाबली की वादकाविना साथ मिळते. ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार मिडीच्या जन्माच्या पंचवीस वर्षे आधीच केला होता. पोप बारावे पायस यांच्या काळात, ३ सप्टेंबर १९५८ रोजी, रोमच्या विधीविषयक मंडळाने पवित्र संगीतासंबंधी एक सूचनापत्र काढले. पाइप ऑर्गन घेण्याची ऐपत नसेल तेथे विजेवरील ऑर्गन तात्पुरता चालवून घ्यावा, अशी मोकळीक त्यात दिली आहे. मात्र उपासनेत माणसाने प्रत्यक्ष वाजवलेलेच वाद्य असावे, आपोआप वाजणारे नसावे, हेही तेथे स्पष्ट केले आहे. १९६३ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून, उपासनेला शोभतील अशा इतर वाद्यांनाही दार उघडले आणि स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य आदर देण्यास सांगितले. १९५८ चे शब्द परिषदेपूर्वीचे आहेत, पण त्यांतील भेद आजही उपयोगी पडावा. वाद्य विजेचे आहे की लाकडाचे, याला त्यात दुय्यम स्थान आहे. तेथे हात कोणाचा आहे, हे पाहिले आहे. मिडीच्या तारेने वादकाच्या हाताला दोन वाद्यांचे बळ देता येते, आणि त्या हाताची गरजच संपवताही येते. सरावासाठी कोणी सोप्रानोची आणि टेनरची चाल वेगवेगळी नोंदवून गायकांच्या घरी पाठवत असेल, तर त्याने पहिला मार्ग धरला आहे. रविवारी पियानोसमोरचे आसन रिकामे ठेवून कळ दाबत असेल, तर त्या धर्मग्रामात नवा वादक तयार होण्याची शक्यताही हळूहळू मावळते.

या भाषेला तिच्या मर्यादाही होत्या. तिचा जन्म पट्ट्यांच्या वाद्यांसाठी झाला. आपल्या भजनांतील मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणे, तिला अवघड जाई. स्वर वाकवण्याची सोय होती, पण ती एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदम लागू होत असे. २०१८ साली प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे हलवण्याची पद्धत मान्य झाली. २०२० च्या जानेवारीत कंपन्यांनी एकमताने मिडीची दुसरी आवृत्ती स्वीकारली. तिच्यात जोराच्या एकशे अठ्ठावीस पायऱ्यांऐवजी पासष्ट हजारांहून अधिक पायऱ्या आहेत आणि वाद्ये परस्परांना विचारून आपली भाषा ठरवू शकतात. समोरचे वाद्य जुने असेल, तर नवे वाद्य १९८३ च्या भाषेत बोलते. जुन्याला टाकून द्यायचे नाही, हा पहिल्या कराराचा बाणा पुढच्या पिढीनेही पाळला.

आणि ज्यांनी ही भाषा मोफत दिली त्यांचे काय झाले? रोलँड मोठी झाली. सिक्वेन्शिअल टिकली नाही. १९८७ साली ती बंद पडली आणि तिचे नाव यामाहाच्या हाती गेले. जगातील जवळजवळ प्रत्येक विद्युत्-वाद्यात ज्यांचे काम होते, त्या डेव्ह स्मिथ यांना आपल्या कंपनीचे नावसुद्धा वापरता येईना. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाने पुन्हा वाद्ये बांधायला आरंभ केला. २०१३ साली स्मिथ आणि काकेहाशी या दोघांना मिडीसाठी ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार देण्यात आला. त्यानंतर वयाची ऐंशी ओलांडलेल्या काकेहाशी यांनी यामाहाच्या अध्यक्षांकडे स्वतः शब्द टाकला की, ते नाव स्मिथ यांना परत करावे. वाद्ये बनवणाऱ्यांत विनाकारण तेढ नसावी, हाच मिडीचा आत्मा आहे. २०१५ च्या जानेवारीत यामाहाने ते नाव परत केले. एका प्रतिस्पर्ध्याने दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे तिसऱ्यासाठी रदबदली करावी आणि ती मान्य व्हावी, असे व्यापारात क्वचितच घडते. काकेहाशी १ एप्रिल २०१७ रोजी निवर्तले. स्मिथ ३१ मे २०२२ रोजी.

पुढच्या वेळी गायनवृंदाच्या सरावाला लवकर पोचलात, तर वाद्याच्या मागे जाऊन ती तोंडे अवश्य पाहा. कपाटात पडून असलेला एखादा जुना कीबोर्ड आणून त्याच्या ‘इन’मध्ये तार लावा आणि पियानोच्या आसनावर नव्याने शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला बसवा. तिने पहिली पट्टी दाबताच कोपऱ्यातले ते विसरलेले वाद्यही तिच्याबरोबर वाजू लागेल.